खाऱ्या वाऱ्यातून वाचलेली दोन चाके

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या स्प्लेंडरची चाके तुम्ही माझ्या ताब्यात दिलीत, त्याला आज पंधरा दिवस झाले. त्या दिवशी पैसे देऊन मी घाईने निघालो आणि आभाराचे दोन शब्दही धड बोललो नाही, म्हणून हे पत्र.

देवबागात आमच्या घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. क्रोमच्या मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, त्यांतून खारा दमटपणा आत उतरतो आणि गंज क्रोमला खालून उचलतो. गेल्या वर्षी एका गॅरेजने याच रिमा ₹८०० घेऊन ‘नव्या’ करून दिल्या होत्या. गंज न खरवडताच त्यावर चंदेरी रंग फासला होता आणि गणपतीपर्यंत त्याला फोड आले. दुसऱ्या ठिकाणी तर चाकांना हातही न लावता, अलॉय घाला नाहीतर गाडी भंगारात द्या, असे सांगण्यात आले. वडिलांनी जिच्यावरून बहिणीला सगळी वर्षे कॉलेजात पोचवले, त्या गाडीबद्दलचे हे बोलणे मला अजून लागून आहे.

तुम्ही टायर उतरवून रिम उन्हात नेलीत, रिमच्या टेपखालच्या स्पोकच्या भोकांभोवती स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहिलेत आणि मागची रिम टिकेल, पुढची पातळ झाली आहे, हे पैशांची गोष्ट निघण्याआधीच सांगितलेत. कुणीतरी अलॉय बसवताना उतरवलेली धड रिम पुढच्या चाकासाठी शोधलीत, म्हणून वाळूच्या माऱ्याने गंज काढणे (सँड ब्लास्टिंग), कुडाळहून काळे पावडर कोटिंग आणि नवे स्पोक हे सगळे माझ्या ₹४,००० मध्ये बसले.

पण मनात घर करून राहिली आहे ती त्या संध्याकाळची गोष्ट. भट्टीत भाजलेल्या पावडरचा थर स्पोकच्या भोकांत जाड बसला होता. तो तसाच ठेवला तर स्पोक ताणून धरणारी निपल (छोटी नट) नीट टेकत नाही आणि पुढे स्पोक ढिले पडतात, म्हणून तुम्ही प्रत्येक भोक कानसून साफ केले होते. मी आलो तेव्हा चष्मा नाकावर ओढून, बल्बखाली बसून, मुलांच्या चित्रकलेतल्या बारीक ब्रशाने त्या उघड्या पडलेल्या कडांना तुम्ही रंग लावत होता. एका रिमला ३६ भोके, दोन्ही मिळून ७२. निपल बसल्यावर ती कडा कुणाच्याही दृष्टीस पडणार नव्हती. मी विचारले, तेव्हा मान वर न करता तुम्ही म्हणालात, ‘खारो वारो हयसूनच भुतूर घुसता.’ आणि रंग सुकावा म्हणून मला रिकाम्या हाताने परत पाठवलेत. त्या वेळी मी थोडा नाराज झालो होतो, त्याबद्दल क्षमा असावी.

बिलात त्या कामाचा एक रुपयाही नव्हता. दिसणार नाही अशा जागी इतकी काळजी घेणारी माणसे आपल्या गावागावांत आहेत, म्हणून आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर रविवारी चाके गोड्या पाण्याने धुऊन पुसतो. वडिलांनी परवा स्वतः पुढचे चाक फिरवून पाहिले, आउट कुठेच नाही, म्हणजे चाक कुठेही डगमगत नाही. त्यांनी तुमच्यासाठी घरच्या कोकमाच्या आगळाची बाटली काढून ठेवली आहे. येत्या बुधवारी घेऊन येतो.

आपला नम्र,
देवबागचा स्प्लेंडरवाला