तुमची वही माझ्याकडे आहे, गुरुजी

आदरणीय गुरुजी,

सादर प्रणाम.

शाळेच्या दाखल्यावर तुमचा जन्म १ जूनचा. तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तारीख हीच, नाव घालताना टाकली ती टाकली. त्यामुळे सेवानिवृत्ती आली ३१ मेला, भर उन्हाळी सुट्टीत. मुलं नाहीत, वर्गांना कुलपं. व्हरांड्यात चार खुर्च्या, शाल-श्रीफळ, सरपंचांचं भाषण. मला बोलायला उभं केलं आणि दोन वाक्यंही धड निघाली नाहीत. म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण नव्या शिक्षकाला कोणी कसं सांभाळून घेतलं हे कुठल्याही अहवालात येत नाही.

मी वाळवा तालुक्यातली, उसाच्या पट्ट्यात वाढलेली. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि जतच्या पूर्वेकडची द्विशिक्षकी शाळा मिळाली. जिल्हा सांगलीच, पण एसटीतून उतरले तर थांब्यावरच्या बायकांचं बोलणं कळेना. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं, महिना १६ हजार मानधन, पहिली-दुसरी एकत्र. खोली तुम्हीच बघून ठेवली होती. घरमालकिणीला सांगून पाण्याचं पिंपसुद्धा भरून ठेवलं होतं.

पहिल्या महिन्यातली ती गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. चित्रकार्डं दाखवत होते. कोंबडीचं चित्र बघून एक मुलगी लगेच म्हणाली, ‘कोळी’. मी मान हलवली, चूक. दुसऱ्याला विचारलं, तोही ‘कोळी’. त्यानंतर वर्ग जो गप्प झाला तो आठवडाभर बोललाच नाही. मी नोंदवहीत पाच नावांपुढे ‘अप्रगत’ लिहिलं आणि सहीसाठी तुमच्याकडे आणलं.

तुम्ही सही केली नाहीत. रागावलाही नाहीत. मला पहिलीच्या मुलांमध्ये चटईवर बसवलंत आणि दहा मिनिटं निव्वळ कन्नडात शिकवलंत. मध्येच माझ्याकडे वळून प्रश्न विचारलात. मी गप्प. पुन्हा विचारलात, जरा आवाज चढवून. कानशिलं तापली माझी. मग मराठीत एवढंच म्हणालात, “बाई, तुमचं नाव कुठल्या रकान्यात लिहू?”

कन्नडात कोंबडीला कोळीच म्हणतात, हे मला त्या दुपारी कळलं. मुलगी बरोबर होती. शिक्षण हक्क कायद्यात, शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलंय. ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि वर्गात एका मुलीला तिच्याच भाषेसाठी खोटं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर माझी शाळा भरायची. नीरु म्हणजे पाणी, मने म्हणजे घर, ऊट म्हणजे जेवण, बा म्हणजे ये. फळ्याशेजारी आपण दोन्ही भाषांत चालणाऱ्या शब्दांची यादी लावली: अण्णा, अक्का, तूप म्हणजे तुप्प. मुलं घरून शब्द आणायला लागली. ती मुलगी दिवाळीनंतर मराठीत भांडायला लागली, तेव्हा तुम्ही व्हरांड्यातून मला हाक मारून ऐकवलं होतंत.

पहिले सहा महिने पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, केंद्रावरचे सगळे तक्ते तुम्ही स्वतःकडे ठेवलेत. “तुम्ही वर्गात उभ्या राहायला शिका, कागद मी बघतो.” हे किती मोठं होतं ते माझ्याबरोबर हजर झालेल्या मैत्रिणींचं ऐकल्यावर कळलं. त्यातल्या एकीला पहिल्याच आठवड्यात सगळी रजिस्टरं हातात देऊन मोकळं केलं होतं.

आणि दसऱ्याआधीच्या त्या फेऱ्या! ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, मला गाडीवर मागे बसवून वस्त्यांवर न्यायचात. माझ्या गावच्या फडात कोयते घेऊन येणारी माणसं मी लहानपणापासून बघितलेली, त्यांची मुलं कुठल्या शाळेच्या पटावर असतात हे कधी मनातही आलं नव्हतं. ती आपल्या पटावर होती. तुम्ही आज्यांशी बोलायचात, पोराला मागे ठेवा म्हणून विनवायचात. पहिल्या वर्षी चारपैकी दोघं राहिली. उरलेल्या दोघांची पुस्तकं तुम्ही त्यांच्या बोचक्यात स्वतः घातलीत.

महिन्यातून दोनदा माझ्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचात. मुलांसमोर एकदाही टोकलं नाहीत. संध्याकाळी शंभर पानी वहीत तीन-चार ओळी लिहून द्यायचात. “दुसरीला पाटीवर काम दिलं, तेव्हा पहिलीकडे पाठ झाली.” “प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, उत्तर येतं.” ती वही निरोपाच्या दिवशी तुम्ही माझ्याच टेबलावर ठेवून गेलात.

तुमच्या जागी नवीन शिक्षण सेवक येणार आहेत, लातूरकडचे. कन्नड येत नाही म्हणे. त्यांच्यासाठी घरमालकिणीच्या शेजारची खोली मी बघून ठेवलीय. पहिलीत सहा मुलं येतील. शाळा उघडेल त्या दिवशी सकाळी या, गुरुजी. मागच्या भिंतीपाशी तुमची चटई टाकून ठेवते.

तुमची,
पहिली-दुसरीच्या बाई