पंधरा किलोंत मसाई मारा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, केनियात मसाई माराच्या जंगल सफारीला आईची निळी चाकांची बॅग घेऊन जाते. आई शेजारीच बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. ती बॅग नेऊ नकोस. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणारं विमान जेमतेम बारा-तेरा माणसांचं. माणशी १५ किलो, आणि त्यातच कॅमेरा नि हातातली पिशवीसुद्धा. बॅग कापडी हवी, दाबली की दबणारी. आम्ही गेलो तेव्हा वजनकाट्यापाशी आमची टणक बॅग उघडावी लागली आणि तुझ्या आईने तिथल्या हमालांना चिवडा नि बेसनलाडू वाटले. लाडू त्यांना आवडले, हे ती अजून सांगते. निम्मी बॅग तिथेच ठेवून पुढे गेलो, हे सांगत नाही.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं धरून बसू नकोस. मारा समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरच्या वर आहे. ऑगस्टात पहाटे सहाला उघड्या जीपमधून निघालीस की दात वाजतात. जाड जाकीट आणि कानटोपी घे, फोटोत कशी दिसेन याचा विचार करू नकोस. नऊनंतर एकेक थर उतरवायचा. कपडे खाकी, मातकट रंगांचे. निळा-काळा रंग टाळ, त्सेत्से नावाची तिकडची चावरी माशी त्यावर धावते. तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या कापडाचे करतात. पांढरं नेलंस तर संध्याकाळी ते पांढरं नसेल. तीन जोड पुरे, कॅम्पवर धुऊन मिळतात. आतले कपडे मात्र बहुतेक ठिकाणी आपले आपणच धुवायचे.

आई प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देईल. केनियात त्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, दंड जबर. तिने जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या माळ्यावर आहेत, त्या माग. ती खूशही होईल. पाण्याची बाटली स्टीलची घे. प्लग तिकडे चौकोनी तीन पिनांचा, आपला बसत नाही.

आणि हे सगळं भरण्याआधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, नि लस घेतल्याचं कार्ड दहा दिवसांनंतर ग्राह्य होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. परत येताना मुंबईत ते पिवळं कार्ड दाखवता आलं नाही, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पासपोर्टातच खोचून ठेव. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, मेडिकलवाल्याला नको.

दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी. एकच असली की चित्ता दिसतो एकाला, बाकीचे "दे ना, दे ना" करत बसतात. आमचं तेच झालं. माझी ८ बाय ४२ ची घेऊन जा. उजव्या डोळ्याकडची चकती घट्ट फिरते, जोर लावू नकोस.

तुझा,
बाबा