टायलरची शिडी आणि आपली धोंडी

केळापूर तालुका, जि. यवतमाळ

चि. रेणू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर मानववंशशास्त्राच्या अभ्यासक्रमावरून तू चांगलीच तापली होतीस. "बाबा, सगळे चुकलेले म्हातारे आहेत हे! टायलर चुकला, मॉर्गन चुकला, फ्रेझर तर घराबाहेरच पडला नाही. खोटं ठरलेलं पाठ कशाला करायचं?" तेवढ्यात रेंज गेली. हे प्रकरण व्हॉट्सअॅपवर अंगठ्यानं टाइप करण्यातलं नाही, म्हणून कागद घेतला. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो तेव्हा पोरं हाच प्रश्न विचारायची, पण परीक्षेला किती मार्कांचं आहे एवढ्यासाठी. तू रागानं विचारलंस, ते मला आवडलं.

आधी त्या एकोणिसाव्या शतकातल्या मानववंशशास्त्रज्ञ म्हाताऱ्यांची अडचण बघ. त्यांच्या लहानपणी सृष्टीचं वय बायबलाच्या हिशोबानं सहा हजार वर्षांच्या आत-बाहेर होतं. १८५९ साली डार्विनचं पुस्तक आलं, आणि त्याच सुमारास नामशेष जनावरांच्या हाडांसोबत माणसानं घडवलेली दगडी हत्यारं सापडतात हे विद्वानांनी मान्य केलं. म्हणजे माणसाचा भूतकाळ एकाएकी लांबच लांब झाला, आणि तो सगळा रिकामा. ना कागद, ना शिलालेख. तो भरायचा कशानं? यांनी तो जिवंत माणसांनी भरला. ऑस्ट्रेलियातला, अमेरिकेतला, आपल्याकडचा जंगलातला माणूस आज जसा राहतो तसे आमचे पूर्वज कधीकाळी राहत असतील, असं धरून चालले. मुळातली खोड ती. प्रश्न खरा होता, त्याला साहित्य मात्र चुकीचं वापरलं.

त्यातून सगळ्या समाजांना खालून वर एकाच वाटेनं चढवणारी ती शिडी तयार झाली. टायलरचा मोठा ग्रंथ १८७१चा. आत्म्यांवरच्या विश्वासातून धर्म उगवला, पुढे अनेक देव आले, मग एक देव आला, अशी त्याची मांडणी. आणि जुन्या पायरीवरची एखादी चाल अर्थ हरवूनही पुढच्या पायरीवर टिकते, तिला तो अवशेष म्हणायचा. १८७७ साली मॉर्गननं तर शिडीच्या पायऱ्यांना मोजमापच लावलं: रानटी अवस्था, मग बर्बर, मग सुसंस्कृत, पहिल्या दोन्हींत परत खालची, मधली, वरची. विस्तव आला की एक पायरी चढलात, धनुष्यबाण आला की दुसरी, मडकं घडवलं की तिसरी. शेवटी लिहिता आलं की वर पोचलात. वर कोण बसलेलं होतं ते सांगायला नको.

आता ही शिडी चंद्रपूरच्या परकोटाला लावून पाहा. ज्या गोंडांना हे लोक मधल्या पायऱ्यांवर कुठेतरी कोंबत होते त्यांच्या राजांनी तो परकोट बांधला, शतकानुशतकं राज्य केलं. त्यांना कुठे बसवणार? अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसनं १८८७ साली संग्रहालयांवरून हाच वाद घातला. तिकडे जगभरच्या वस्तू साध्याकडून गुंतागुंतीच्याकडे अशा रांगेत मांडायची रीत होती. बोआस म्हणाला, एका जमातीच्या सगळ्या वस्तू एका ठिकाणी ठेवा, नाहीतर त्या वस्तूचा अर्थ कळणारच नाही. नुसत्या टोपल्यांची रांग लावली तर कोणती आधी आणि कोणती नंतर हे ठरवणारे तुम्हीच, टोपली काही बोलत नाही. १८९६ साली त्यानं जमातींची तुलना करून शिडी रचायच्या त्या पद्धतीवरच लेख लिहिला. तो मूळातून वाच, गाइडातून नको.

पण पुस्तकात शिडी मोडली म्हणून गावातून गेली असं समजू नकोस. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन आलेला आपल्या गावातला माणूस आजही म्हणतो, "ते लोक अजून मांगंच हायेत." मागे म्हणजे कोणाच्या मागे? सरकारी कागदावर कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या आपल्या राज्यातल्या तीन 'आदिम' जमाती होत्या. २००६ साली दिल्लीनं ते बदलून 'विशेष असुरक्षित' केलं, तरी इथल्या कचेऱ्यांत तोंडी आदिमच चालतं. आणि १८७१ हे साल आणखी एका कारणानं लक्षात ठेव. टायलरचा ग्रंथ आला त्याच वर्षी इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मानंच चोर ठरवायचा कायदा! टायलरनं तो लिहिला नाही, पण लोकांना जमातीनुसार खणात बसवायची हवा एकच होती. १९५२ साली कायदा गेला. गावात एखादी मोटर चोरीला गेली की पोलिसांची पहिली गाडी अजून त्या कायद्यात गोवलेल्या पारध्यांच्या वस्तीवरच जाते, हे तू स्वतः पाहिलंयस.

म्हणून म्हणतो, चुकलेले वाच. ती चूक कशी जुळवली गेली हे कळलं नाही तर ती तुझ्याही लिखाणात शिरेल, फक्त 'विकास' वगैरे नवे कपडे घालून.

मॉर्गनबद्दल मात्र मला जरा भांडायचंय. तू त्याला एका ओळीत निकालात काढलंस. हा न्यूयॉर्क राज्यातला वकील, शेजारच्या इरोक्वॉय या मूळच्या अमेरिकन लोकांत वावरलेला. त्याला दिसलं की ती माणसं बापाच्या भावालाही बापच म्हणतात, आईच्या बहिणीला आईच, आणि त्यांची पोरं ती सख्खी भावंडं. मामा आणि आत्या मात्र वेगळे. इंग्रजी डोक्याला हे अजब वाटलं. त्यानं प्रश्नावल्या छापून जगभर मिशनऱ्यांना पाठवल्या, आणि तमिळ मुलखातून आलेलं उत्तर इरोक्वॉयांशी जवळपास हुबेहूब जुळलं. तेव्हा त्याला काय वाटलं असेल! आता तूच आठव, माझ्या थोरल्या भावाला तू काय म्हणतेस? मोठे बाबा. त्यांच्या बायकोला मोठी आई. त्यांचा मुलगा तुझा भाऊ, त्यात वाद नाही. पण आत्याच्या पोराचं नाव निघालं की आजीच्या तोंडावर वेगळंच हसू येतं, कारण तिच्या स्वतःच्या घरात दोन सुना मामाकडूनच आलेल्या. गोंडांत तर भावाची मुलगी बहिणीच्या घरी सून म्हणून द्यायला दूध परत करणं म्हणतात. नात्याच्या नावांत लग्नाचे नियम दडलेले असतात, हे मॉर्गनला दिसलं ते शंभर टक्के खरं. त्यावरून त्यानं एकेकाळी सगळे भाऊ सगळ्या बायकांशी समूहानं लग्न करत असतील असा इमला उभारला, तो पडला. मार्क्सचा साथीदार एंगेल्स, त्यानं १८८४ साली तो आणखी उंच नेला होता, तोही डळमळला. पण खालची जोती शाबूत आहेत आणि तुझा अख्खा नातेसंबंधांचा पेपर त्यावर उभा आहे.

खुर्चीतले विद्वान म्हणून हसायचं, तर जरा जपून. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खेम ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही, आणि १९१२ साली तिथल्या गणचिन्हांवर (टोटेमवर) लिहिलेला त्याचा ग्रंथ आजही डोकं हलवतो. खुर्ची हा दोष नव्हे. खुर्चीत बसून कोणाच्या चिठ्ठ्या वाचता हा प्रश्न आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड, १९१६चे, तुमच्या ग्रंथालयात असतील. कामाचे आहेत, मी सोडायला सांगत नाही. पण त्यातली कितीतरी टिपणं तहसीलदारांनी आणि शाळातपासनीसांनी पाठवलेली. तहसीलदारानं विचारल्यावर माणूस काय सांगतो? आताही सर्वेवाले आले की आपल्या गावात कोणाकडेच फ्रिज नसतो.

आणि लोकांत राहून अभ्यास करायची रीत ज्याच्या नावावर सांगतात त्या मलिनोवस्कीच्या आधी कोणी पायी फिरलंच नाही हेही खरं नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप गोंडांत हिंडले, त्यांनी गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचं गीत उतरवून घेतलं. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापले. परदेशी पाठ्यपुस्तकात हे नाव सापडणार नाही. तू घाल तुझ्या पेपरात.

आता फ्रेझर. यंदा मृग कोरडा गेला आणि आर्द्राही अर्धी सरली, तेव्हा परवा गावात धोंडी निघाली. कडुनिंबाचा पाला कमरेला बांधलेली पोरं, मुसळाला फडक्यात बांधलेला बेडूक, दारोदार "धोंडी धोंडी पाणी दे". बाया घागरीनं पाणी ओततात, पसाभर दाणे, मीठ-मिरची देतात. हेच फ्रेझरच्या ग्रंथात आहे! केंब्रिजमध्ये बसून त्यानं मध्य प्रांतातली चाल नोंदवली: निंबाचा पाला लावलेल्या काठीला बेडूक बांधून दारोदार नेतात आणि पाऊस मागतात. त्याचा अर्थ सरळ होता, सारख्यातून सारखं निघतं. बेडकावर पाणी पडलं तसं आभाळातून पडेल. म्हणून ही जादू, म्हणजे चुकलेलं विज्ञान. करणारे खालच्या जातीचे, एवढंही त्यानं लिहून ठेवलंय आणि पुढे त्या माहितीचं काहीच केलं नाही.

मलिनोवस्की आला असता तर त्यानं पारावर मुक्काम ठोकला असता. पहिल्या महायुद्धात हा ऑस्ट्रियाचा प्रजाजन, इंग्रजांच्या लेखी शत्रू, आणि त्याच काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर तंबू टाकून त्यांची भाषा शिकत होता. १९२२ साली त्याचं पुस्तक आलं. त्याला दिसलं की खाजणातल्या शांत पाण्यात मासे धरताना ते लोक मंत्र म्हणत नाहीत, भर समुद्रात जाताना म्हणतात. जिथे जोखीम तिथे जादू. आपल्याकडे लावून बघितलं तर बरंच पटतं; धूळपेरणी केलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. पण धोंडीवर सगळ्यात जास्त पाणी ओतलं ते विहीर-मोटरवाल्या संत्रेवाल्याच्या घरून! त्याला कसली धास्ती? इथे रॅडक्लिफ-ब्राऊन हा इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ कामी येतो, तो १९०६ ते १९०८ अंदमानात राहून आलेला. तो म्हणेल, विधी पावसासाठी असो-नसो, गावाला एकत्र बांधायला असतो. सगळ्या घरचे दाणे एका हंड्यात शिजले, मारुतीच्या देवळात सगळे जेवले, झालं.

सगळे? इथे तुझा राग कामाला लाव. पूर्वी धोंडी ज्या वस्तीतली पोरं नाचवायची, त्या घरांनी १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावकीची असली कामं हळूहळू सोडली. "आमच्याच पोरायनं काहून नाचाव?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो बिनतोड होता. त्यानंतर काही वर्षं धोंडी निघालीच नाही. आता निघते ती ज्याच्या त्याच्या पोरांची, आणि त्या वस्तीकडे वळत नाही. फ्रेझरला बेडूक दिसला, मलिनोवस्कीला धास्ती दिसली असती, रॅडक्लिफ-ब्राऊनला हंडा. मुसळ कोणाच्या खांद्यावर होतं आणि ते खाली का ठेवलं गेलं, हे तिघांच्याही चौकटीत नीट बसत नाही. त्यांना बदल आणि भांडण दोन्ही जड जातं.

सगळी संस्कृती इजिप्तमधून पसरली म्हणणारे एलियट स्मिथ वगैरे मंडळी परीक्षेपुरती वाच. त्यांच्यावर रात्र जाळू नकोस.

इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्सवर जाळ. ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या १८९८च्या मोहिमेत त्यानं माणसांकडून नुसती वंशावळ काढून घ्यायची युक्ती शोधली. रीत काय असते असं विचारायचं नाही. तुझ्या मामाचं नाव काय, त्याची बायको कोणाची, असं विचारायचं, मग रीत आपोआप कागदावर उतरते. पुढे नीलगिरीत तोडा जमातीवरही त्यानं तसंच काम केलं. त्याच्याकडे आपले समाजशास्त्रज्ञ घुर्ये शिकले, घुर्यांकडे इरावती कर्वे, आणि इरावतीबाईंनी तुझ्या पुण्यात डेक्कन कॉलेजात बसून अख्ख्या देशाची नाती १९५३च्या ग्रंथात मांडली. मामाची मुलगी चालते पण आत्याची चालत नाही, हे आपल्याकडचं गणित त्यात सापडेल.

पोळ्याला येशील तेव्हा मोठी वही आण. आजीचं माहेर आणि सासर दोन्हीकडची माणसं तिला अजून तोंडपाठ आहेत, मेलेली लेकरंसुद्धा. तू विचार, मी बाजूला बसणार नाही, कारण माझ्यासमोर ती माझ्या आत्यांबद्दल खरं बोलत नाही. मेसचे पैसे पाठवलेत. आईनं ज्वारीच्या पापड्या एसटीनं पाठवायचं म्हटलंय, पार्सल आलं की कळव.

तुझे,
बाबा