'आक्रमक' आणि 'धसमुसळे' यांत फरक करावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावरील फॉर्म्युला वन शर्यतींचे वृत्तान्त मी नियमाने वाचतो. वळणाच्या आतील बाजूने शिरून, दुसऱ्याला पुरेशी जागा ठेवून स्वच्छपणे पुढे जाणाऱ्या चालकाला त्यांत 'आक्रमक' म्हटले जाते आणि प्रतिस्पर्ध्याला ट्रॅकबाहेर ढकलणाऱ्यालाही तेच विशेषण मिळते. फुटबॉलमध्ये पायावर पाय देणाऱ्या खेळाडूबद्दल मराठी वार्ताहर 'धसमुसळा खेळ' असे सहज लिहून जातो; मग मोटार शर्यतीपाशी येताच हा नेमका शब्द कुठे हरवतो?

आक्रमकपणाला माझा मुळीच विरोध नाही. १९७९ साली दिजाँ येथे दुसऱ्या क्रमांकासाठी झील व्हिलनव्ह आणि रेने आर्नू यांनी अखेरच्या फेऱ्यांत जी झुंज दिली, तीत चाकाला चाक अनेकदा घासले, दोघेही कधी ना कधी ट्रॅकच्या कडेबाहेर गेले, तरी दोघांनीही शर्यत पूर्ण केली. त्या दिवशीची शर्यत झाँ-पिएर जाबुई यांनी जिंकली होती आणि टर्बो इंजिनाचा तो फॉर्म्युला वनमधील पहिलाच विजय होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती दुसऱ्या जागेची लढत. समोरचा आपल्याला संपवणार नाही, एवढा भरवसा दोघांनाही असल्याशिवाय इतक्या जवळून गाडी चालवताच येत नाही.

हा भरवसा जाणूनबुजून मोडल्याचे ठळक उदाहरण १९९० च्या सुझुका शर्यतीचे. आयर्टन सेना यांना शर्यत सुरू करण्यासाठी सर्वांत पुढचे स्थान मिळाले होते, पण ते ट्रॅकच्या कमी पकड असलेल्या बाजूला होते. ते बदलून देण्याची त्यांची मागणी मान्य झाली नाही. आदल्या वर्षी याच सर्किटवर अलँ प्रोस्त यांच्याशी टक्कर होऊन अखेर सेना यांनाच अपात्र ठरवले गेल्याचा सलही मनात होता. प्रोस्त सुरुवातीलाच पुढे गेले, पहिल्याच वळणावर सेना यांनी त्यांच्यावर गाडी घातली, दोघेही वाळूत जाऊन शर्यतीबाहेर पडले आणि गुणांत आधीच पुढे असलेले सेना विश्वविजेते झाले. शिक्षा काहीही झाली नाही. हे आपण ठरवून केले होते, अशी कबुली त्यांनी वर्षभराने, पुढचे विजेतेपद हाती आल्यावर दिली. सेना यांच्या प्रतिभेपुढे मी आजही नतमस्तक आहे, पण तक्रार खरी असली म्हणून तिचा हिशेब दुसऱ्याच्या जिवाशी खेळून चुकता करता येत नाही.

१९९७ मध्ये हेरेझ येथे मोसमाच्या अखेरच्या शर्यतीत मायकल शूमाखर यांनी विजेतेपदाचे प्रतिस्पर्धी जाक व्हिलनव्ह यांच्यावर गाडी घातली, तेव्हा त्यांचे नाव त्या मोसमाच्या क्रमवारीतून काढून टाकण्यात आले. मात्र त्या वर्षी जिंकलेल्या शर्यती त्यांच्याच नावावर राहिल्या. विजेतेपद तर त्या शर्यतीतच निसटले होते, त्यामुळे गेले ते फक्त दुसरे स्थान.

खरी गोम इथेच आहे. चुकणाऱ्याला दंड होतो, पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काहीच पडत नाही, आणि कधीकधी तर दंडही नावापुरताच उरतो. २०२१ मध्ये मोन्झा येथे मॅक्स व्हर्स्टापन यांची गाडी लुईस हॅमिल्टन यांच्या गाडीवर चढली. चालकाच्या डोक्याभोवतीची हॅलो ही चौकट नसती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. व्हर्स्टापन यांना पुढील शर्यतीत तीन स्थाने मागे जाण्याची शिक्षा झाली, परंतु इंजिन बदलल्यामुळे त्यांना ती शर्यत तशीही सर्वांत मागून सुरू करायची होती, आणि तीत ते दुसरे आले. २०२४ च्या ऑस्ट्रियातील शर्यतीत त्यांची लँडो नॉरिस यांच्याशी टक्कर झाली. दहा सेकंदांचा दंड होऊनही व्हर्स्टापन पाचवे आले आणि त्यांना १० गुण मिळाले. नॉरिस यांना शर्यत सोडावी लागली, गुण शून्य. असा हिशेब समोर असताना चालक दंडाला शिक्षा न मानता किंमत मानू लागला, तर नवल ते काय?

याच्या उलट टोकाला स्टर्लिंग मॉस उभे आहेत. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीत माइक हॉथॉर्न यांच्यावर ट्रॅकवर उलट दिशेने गाडी चालवल्याचा आरोप आला, तेव्हा विजेतेपदासाठी त्यांच्याशीच झुंजणारे मॉस पंचांपुढे गेले आणि त्यांनी हॉथॉर्न यांच्या बाजूने साक्ष दिली. हॉथॉर्न यांचे दुसरे स्थान टिकले आणि मोसमाअखेर ते एका गुणाने विश्वविजेते झाले. मोसमातील विजयांची संख्या मात्र मॉस यांची चार, हॉथॉर्न यांची एक! अर्थात, त्या काळातले सारेच चालक साधुसंत होते असे नाही. टक्कर झाली तर मृत्यू समोर दिसत असे, आणि त्या भीतीनेही बरीच सभ्यता टिकवली असेल. गाड्या सुरक्षित झाल्या हे उत्तमच झाले, पण त्या भीतीचे काम आता नियमांनी करायला हवे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे, दुसऱ्याला बाहेर ढकलून मिळवलेली जागा सेकंदांत न मोजता लगेच परत करायला लावावी, आणि ज्याच्या चुकीमुळे प्रतिस्पर्ध्याची शर्यत संपली, असे पंचांनी ठरवले त्या चालकाला त्या शर्यतीचे गुण देऊ नयेत. पंचांचे मंडळ शर्यतीगणिक बदलते, तेही कायमस्वरूपी असावे.

हे बदल आपल्या हाती नाहीत, पण निकाल छापण्याची पद्धत आहे. टक्कर झाल्यास दोषी चालकाचा दंड, त्याला मिळालेले गुण आणि ज्याला धडक बसली त्याचे गुण, अशी एक ओळ निकालाच्या तक्त्याखाली द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक