मंत्रीमहोदय, किल्लारीला एक हिरवा दगड पाठवा

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. उन्हाळ्यात शेजारच्या रानात बोअर घेतला. काळी माती झाली, मुरूम झाला, काळा पाषाण लागला. सातशे फुटांवरही नुसता फुफाटा. गाडीभोवती जमलेल्या पोरांतली सातवीतली एक म्हणाली, "सर, असंच खाली गेलं तर पुस्तकातलं प्रावरण लागंल का?"

लागणार नाही, म्हणालो. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरवर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, संपला. प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा थर, त्याच्या शंभरपट खाली.

तरी माझं उत्तर अर्धंच होतं. हाच प्रावरणाचा खडक समुद्रतळावर चक्क उघडा पडलेला आहे, आणि तो कुणी खणून काढलेला नाही.

समुद्रतळ जिथं फाकतो ती मध्य-महासागरी पर्वतरांग पुस्तकातल्या आकृतीत म्हणजे दोन बाण आणि मधून वर येणारा लाव्हा. पूर्व पॅसिफिकसारख्या वेगवान रांगेवर हे बरंचसं खरं आहे. अटलांटिकमध्ये तळ वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर फाकतो, नैऋत्य हिंदी महासागरातल्या रांगेवर दीडच्या आत. तिथं शिलारस पुरत नाही. मग ताण एखाद्या मोठ्या भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगेवर, येतो आणि तो दहा-वीस लाख वर्षं सरकतच राहतो. कडब्याच्या गंजीतून तळची पेंढी ओढून काढावी, तसा खालचा भाग वरच्याखालून निसटतो. वर येता येता कूस बदलतो आणि घुमटासारखा पसरतो. पाठीवर सरकण्याच्या दिशेनं लांबलचक चरे. त्या घुमटात गॅब्रो असतो, म्हणजे कवचाच्या पोटात थिजलेला शिलारस, आणि प्रावरणाचा पेरिडोटाइट. त्यात समुद्राचं पाणी मुरलं की त्याचा सर्पेंटिनाइट होतो: हिरवट, सापाच्या कातडीसारखा, हाताला बुळबुळीत. हा मऊपणाच भ्रंशाला आणखी सरकू देतो.

अटलांटिकमधल्या अशाच एका घुमटात, अटलांटिस मासिफमध्ये, २०२३ साली शास्त्रज्ञांनी १२६८ मीटर छिद्र पाडलं. म्हणजे आमच्या बोअरच्या सहापट. वर आला तो बहुतांश प्रावरणाचाच खडक.

हे परक्यांच्याच समुद्रात घडतं असं नाही. नैऋत्य आणि मध्य हिंदी महासागरी रांगांवर धातूंचे सल्फाइड शोधण्याचा करार भारतानं २०१६ सालीच केला आहे, गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथं काम करतं, आणि २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेचाही करार झाला. बातम्या सल्फाइडच्या येतात, ठीक आहे, त्यात पैसा आहे. पण जहाजानं तळ खरवडला की हे हिरवे दगडही जाळ्यात येतात.

मागणी एवढीच: त्यातला मूठभर दगड किल्लारीला द्या. शेजारी किल्लारीच्याच छिद्रातल्या बेसाल्टचा तुकडा ठेवू. मागं एका कार्यालयाला लिहिलं होतं. "योग्य विभागाकडे वर्ग" असं उत्तर आलं, पुढं काहीच नाही. म्हणून हे उघड लिहितो आहे. काचेचं कपाट गावाच्या वर्गणीतून करू.

दगडासोबत खोली आणि अक्षांश-रेखांश मात्र लिहून पाठवा. ती पोरगी आधी तेच विचारणार आहे.

आपला,
एक भूगोल शिक्षक, औसा तालुका