जुना फोन देऊन टाका म्हणता, पण आतल्या डेटाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ई-कचऱ्यावर आपल्या पेपरात अधूनमधून येत असतं, जुने मोबाईल-लॅपटॉप घरात साठवू नका, रिसायकलिंगला द्या वगैरे, आणि सोबत आकडे पण असतात की २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाला. आकड्यांबद्दल वाद नाही. पण लोक जुना फोन कपाटातून बाहेर का काढत नाहीत हे कोणी लिहीतच नाही. आळस आहेच, पण ओळखीतल्या बऱ्याच जणांचं म्हणणं सरळ आहे, अहो त्यात घरचे फोटो आहेत, बँकेचं ॲप आहे, ओळखपत्रांचे स्कॅन आहेत, कोणाच्या हातात पडेल काय सांगावं. आणि ही भीती काही उगाच नाहीये.

डिलीट दाबलं की फाईल जात नाही, ती कुठे ठेवलीय याची नोंद तेवढी जाते. दारावरची पाटी काढली म्हणून बिऱ्हाड हललं असं होत नाही ना, तसंच. हार्डडिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आतलं सगळं शाबूत असतं आणि फुकट मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतं, क्विक फॉरमॅटचीही तीच गत. अमेरिकेत एमआयटीतल्या दोघांनी सेकंडहँड हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, २००३ साली त्याचा पेपर आला. १५८ घेतल्या, १२९ चालू निघाल्या, आणि त्यात नीट पुसलेल्या होत्या फक्त १२! जुनी गोष्ट झाली म्हणाल तर मॉर्गन स्टॅनलीसारख्या बड्या वित्तसंस्थेचं बघा, त्यांनी जुने सर्व्हर आणि डिस्क काढून टाकायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, तिला डेटा नष्ट करण्याचा काही अनुभव नव्हता, आणि ग्राहकांची माहिती असलेल्या काही डिस्क चक्क ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या. २०२२ मध्ये त्यासाठी ३.५ कोटी डॉलर दंड बसला. एवढ्या मोठ्यांकडे ही तऱ्हा, तर तुमच्या-आमच्या घरी काय असणार.

आता यावर उपाय म्हणून जे सांगितलं जातं त्यात पण घोळ आहे. ३५ वेळा ओव्हरराईट करा, म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काही लिहा, हा सल्ला अजून फिरतोय, तो १९९६ च्या एका पेपरमधून आलेला आणि त्या काळच्या डिस्कसाठी होता, आजच्या फिरत्या हार्डडिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराईट केलं तरी पुरतं. एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या, न फिरणाऱ्या डिस्कवर, मात्र तेही भरवशाचं नाही, कारण तिथे कुठला डेटा कुठल्या चिपवर लिहायचा ते आतला कंट्रोलर ठरवतो, तुम्ही वरून लिहिलंत तरी जुनी कॉपी कुठेतरी कोपऱ्यात राहू शकते, म्हणून तिथे कंपनीच्याच टूलने सिक्युअर इरेज करायचं. खरा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात डेटा ठेवणं, चालू ठेवणं, विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकवर फाईलव्हॉल्ट, मग शेवटी किल्ली नष्ट केली की मागे उरतो तो नुसता कचरा. गेल्या काही वर्षांतल्या फोनमध्ये हे आपोआपच असतं, म्हणून त्यांना फॅक्टरी रिसेट, म्हणजे सेटिंगमधून फोन कोरा करणं, पुरतो. फार जुन्या अँड्रॉईडवर नाही पुरत, केंब्रिजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये असे २१ फोन तपासले तर रिसेटनंतरही त्यातून बरंच काही निघालं होतं. तसा फोन असेल तर आधी सेटिंगमधून एन्क्रिप्ट करायचा आणि मग रिसेट.

रिसेटच्या आधी अकाउंटमधून साइन आऊट करा, नाहीतर पुढच्या माणसाकडे फोन तुमच्या नावावर लॉक होऊन पडतो. ओटीपीचं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर ते आधी नव्या फोनवर न्या. आणि सिमचा ट्रे उघडून बघाच, मेमरी कार्ड तिथेच राहून जातं, बहुतेक वेळा ते एन्क्रिप्टेड नसतं, काढून कुठल्याही कार्ड रीडरला लावलं की सगळे फोटो समोर. ऑफिसवाल्यांनी झेरॉक्स मशीन विसरू नये, त्यातही बऱ्याचदा हार्डडिस्क असते. भाड्याची मशीन न पुसता परत केली म्हणून अमेरिकेतल्या एका आरोग्य विमा कंपनीला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरवर भरावे लागले.

पण सगळ्यात अडचणीचा असतो बंद पडलेला फोन, आणि लोक देतात ते बहुतेक असेच. स्क्रीन गेलीय, चार्ज होत नाही, रिसेट करणार कसा? रिमोट इरेज, म्हणजे दुसरीकडून फोन पुसणं, फोन नेटला जोडला तरच चालतं. आणि हातोडी मारायला जाऊ नका, लिथियम बॅटरी फुटली तर आग लागते. हे काम खरं संकलन करणाऱ्यांचं आहे, बॅटरी काढून, बोर्ड श्रेडरमध्ये घालून. मी ई-कचरा गोळा करायच्या एका शिबिरात गेलो होतो तर फोन उघड्या खोक्यात टाकलेले, येणारा-जाणारा कोणीही उचलून खिशात घालेल असे, आणि इथून पुढे ते कुठे जाणार विचारलं तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, काका, गाडी येते आणि घेऊन जाते. बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नसणार.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी शिबिराची बातमी छापाल तेव्हा आयोजकांना तीन गोष्टी विचारून छापा. खोकं कुलूपबंद असणार का, डेटा कोण आणि कसा नष्ट करणार, आणि तो नष्ट केल्याचं सिरीयल नंबर टाकून सर्टिफिकेट मिळणार का. उत्तर आलं नाही तर 'उत्तर दिलं नाही' असंच छापा, मग फोन न्यायचा की नाही ते आम्ही बघू.

आपला,
एक नियमित वाचक