आधी कॉपी घेऊ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडायचे नाहीत, म्हणून नाव लिहीत नाही. पण गप्पही बसवत नाही.

नागपूरच्या महालातल्या आमच्या बोळात डोंगलशिवाय, म्हणजे सिमकार्ड घालून कॉम्प्युटरला लावायच्या त्या नेटच्या कांडीशिवाय, नेटची सोय नाही. भाच्यानं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी टाकून दिलेलं उबुंटू नावाचं लिनक्स झकास चालतं, नेमकं डोंगलशीच त्याचं जमेना. सीताबर्डीवर जिथं दाखवावं तिथं एकच औषध: "काका, हे लिनक्स काहून ठेवता? फॉर्मॅट मारून विंडोज टाकून देतो." एका महाभागानं तर न लावून बघताच डोंगल मेलं म्हणून सांगितलं, वर तपासणीचे पैसेही घेतले!

फॉर्मॅट म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, गावोगाव फिरून उतरवून घेतलेली दंडारीची, तिथल्या लोकनाट्याची, गाणी त्या मशीनमध्ये आहेत. सांगणारे बरेचसे आता राहिले नाहीत.

तुम्ही मात्र डोंगलला हात लावायच्या आधी विचारलंत, "काका, यात जपायचं काय काय आहे?" स्वतःच्या खिशातला पेन ड्राइव्ह काढून अख्खं फोल्डर त्यावर घेतलंत. एक गाणं उघडलंत आणि काना-मात्रा जागच्या जागी आहेत का, ते मलाच वाचून बघायला लावलंत. मग हसून म्हणालात, "डोंगलच्या कामाला याची काही गरज नव्हती. पण तुमचा जीव भांड्यात पडल्याशिवाय मला सुरू करवलं नसतं." भाऊ, डोंगल चालू झाल्याचा आनंद आहेच, पण या वाक्यानं जे दिलं ते वेगळं.

पुढचं काम झटक्यात झालं. डोंगल म्हणजे पक्का बहुरूपी निघाला. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवायचा प्रोग्राम, त्याच्याच पोटात भरलेला, म्हणून लावल्याबरोबर सीडी ड्राइव्हचं सोंग घेऊन उभा. ते सोंग उतरवणाऱ्या 'यूएसबी मोडस्विच' या प्रोग्रामची माझ्याकडची डोंगलांची यादी जुनी होती, एवढंच! तुम्ही आपल्या मोबाइलचा डेटा जोडून नवी उतरवलीत. काळ्या पडद्यावर डोंगलच्या नंबरातला मागचा अर्धा भाग बदलला, कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, 'ऑप्शन' ड्रायव्हरनं त्याला ओळखलं आणि खाली 'टीटीवाययूएसबी' अशी अक्षरं उमटली. मला त्यातलं फारसं कळलं नाही, तुमचा चेहरा खुलला ते कळलं.

तो प्रोग्राम जोसुआ डीत्से नावाच्या माणसानं लिहून सगळ्यांना फुकट दिला, हेही तुम्हीच सांगितलंत. कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख, आणि महालातल्या म्हाताऱ्याचं काम करून गेला. अशी माणसं आहेत म्हणून बरं आहे बाप्पा, नाहीतर सगळाच बाजार सीताबर्डीवरच्या त्या दुकानदाराचा झाला असता.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पेन ड्राइव्हही "राहू द्या" म्हणून ठेवून गेलात. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला या. आणि हो, माझ्या दोन मित्रांची डोंगलंही अशीच पडून आहेत. त्यांना तुमचा नंबर अजून दिलेला नाही. चालेल का, तेवढं कळवा.

तुमचा,
महालातला काका